खिडकीतल्या कबुतराच्या पिसावर सापडलेली ऊ (आणि चावलं नक्की कोण?)

ठाणेकरीण

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून पहिल्यांदा धागा काढतेय. सांभाळून घ्या.

आमचं घर ठाण्यात, सातव्या मजल्यावर. बेडरूमच्या एसीचं जे धूड बाहेर टांगलेलं असतं, त्याच्यामागे कबुतरांनी संसार थाटला होता. चार काड्या कशाही टाकल्या की यांचं घरटं तयार. सासूबाई म्हणाल्या, पिल्लं आहेत तोवर हात लावायचा नाही. नाही लावला. मागच्या आठवड्यात पिल्लं उडाली आणि दोनच दिवसांत माझ्या हातांवर, मानेवर लाल पुरळ. लेकीलाही. रात्रभर खाज. खिडकीच्या चौकटीवर बॅटरी मारली तर राखाडी-तांबूस ठिपके चालताना दिसले, खसखशीपेक्षाही बारीक.

नवऱ्याने हातमोजे, मास्क वगैरे चढवून घरटं काढलं. त्यात पंखाचं एक मोठं पीस होतं आणि त्यावर वेगळाच प्राणी. लांबीला तिळाएवढा पण अंगाने अगदी सडपातळ, फिकट तपकिरी. पिसाच्या दोन धाग्यांच्या मधल्या फटीत असा चपखल पडून होता की मला आधी ती पिसावरची रेघच वाटली. सुईने ढोसलं तेव्हा पळाला.

सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. "कबुतराच्या उवा आहेत, डोक्यात शिरतील, मुलीचे केस कापा" इथपासून "शनिवारी कबुतराचं घरटं काढू नये" इथपर्यंत सगळं ऐकून झालं. तर इथल्या जाणकारांना विचारते: हे माणसाच्या डोक्यात होतं का? आणि आम्हाला चावतंय ते हेच का?

---

बिनकामाचा

पहिला नंबर! शनिवारी काढलंत ना? मग आता साडेसात वर्षं खाजणार.

---

सूक्ष्मदर्शी

ठाणेकरीण, घाबरू नका, केस तर मुळीच कापू नका.

तुमच्या घरात दोन वेगवेगळे प्राणी आहेत आणि जो निरपराध आहे त्याचा फोटो ग्रुपवर गेला आहे. चौकटीवर फिरणारे ठिपके म्हणजे माइट, कोळ्याच्या नात्यातले बारीक जीव. भिंगातून पाय मोजा, आठ भरतील. ते पक्ष्याचं रक्त पितात. पिल्लं उडून गेली की त्यांचं ताट रिकामं होतं, मग मिळेल त्या फटीतून घरात येतात आणि माणसाला चावून बघतात. माणसावर त्यांची वंशवृद्धी होत नाही, पण तेवढ्या दिवसांत हैराण करतात. घरट्याची जागा घासून काढा, व्हॅक्यूम फिरवा, फटी बुजवा. पुरळ उतरला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि "घरट्यातले माइट" हे शब्द आवर्जून सांगा.

पिसावरचा लांबुडका प्राणी मात्र खरंच ऊ आहे. सहा पाय. शास्त्रीय नाव कोलंबिकोला कोलंबी. लिनियस या निसर्गशास्त्रज्ञाने १७५८ मध्येच नोंदवलेली. पण ही आपल्या डोक्यातल्या उवेसारखी रक्त शोषणारी नाही. हिला चावणारे जबडे असतात आणि ती पिसं खाते, तीही पोटाकडच्या पिसांचा बुडाशी असलेला मऊ, कापसासारखा भाग. तुमच्या रक्तात तिला काडीचा रस नाही. तुमच्या डोक्यावर ठेवली तरी खायला काही नाही म्हणून मरेल. कबुतराच्या अंगावरून खाली पडली की तिचे काही दिवसच उरतात.

त्या बिचारीला फाशी देऊ नका.

---

ठाणेकरीण

हुश्श. धन्यवाद! भिंग नाही, पण मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघितलं. चौकटीवरचे आठच निघाले. ग्रुपवर लिहिलं तर उत्तर आलं, "पाय मोजत काय बसता, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा."

ऊ अजून आहे. पिसासकट बडीशेपेच्या रिकाम्या बाटलीत ठेवलीय. पण एक कळलं नाही. खाते पोटाचं पीस, मग सापडली पंखाच्या पिसावर कशी?

---

बिनकामाचा

जेवण एकीकडे, झोप एकीकडे. आमच्याकडे यालाच घरजावई म्हणतात.

---

सूक्ष्मदर्शी

हा प्रश्न विचारलात म्हणून चहा ठेवून बसलो आहे.

कबुतराला हात नाहीत. अंगावरच्या उवांचा बंदोबस्त करायला त्याच्याकडे मुख्य हत्यार एकच, चोच. दिवसातला बराच वेळ ते पिसं चोचीतून ओढत बसलेलं असतं, ते नटणं नव्हे, ती शिकार आहे. चोचीत सापडलेली ऊ चिरडली जाते. म्हणजे उवेच्या दृष्टीने जगात वाघ एकच, आणि ती त्या वाघाच्याच अंगावर राहते.

आता लपायचं कुठे? पंखाच्या मोठ्या पिसाचे धागे एकमेकांना समांतर असतात आणि दोन धाग्यांमध्ये पन्हळीसारखी खाच असते. कोलंबिकोला त्या खाचेत धाग्याला समांतर आडवी होते. चोच वरून फिरते, ऊ खालीच राहते. भूक लागली की पोटाकडे जाते, खाते, परत येते. तिचं सगळं शरीर त्या खाचेच्या मापाचं आहे. तुम्हाला रेघ वाटली ना? कबुतरालाही तेच वाटावं अशी ती घडलेली आहे.

त्याच कबुतरावर दुसरीही एक ऊ असते, कँपॅन्युलोटीस. आखूड, गोल, जेमतेम मिलिमीटरभर. ती पंखाकडे फिरकत नाही. चोच आली की मऊ पिसांत बुडी मारते. एकच पक्षी, एकच चोच, आणि वाचायच्या दोन तऱ्हा.

अमेरिकेत युटा विद्यापीठात डेल क्लेटन, सारा बुश आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं यावर काम करत आहेत. कबुतराच्या दोन जबड्यांमध्ये ते एक छोटीशी अर्धगोल पट्टी बसवतात. चोच पुरती मिटत नाही. दाणे टिपता येतात, ऊ चिमटीत धरता येत नाही. उवा भराभर वाढतात. बाकी काही न बदलता फक्त कंगवा काढून घेतला तर काय होतं, ते इतक्या साध्या युक्तीने कळतं.

---

गिरेबाज

राम राम. मी कोल्हापूरचा. वडिलांपासून कबुतरांची ढाबळ आहे. आज चाळीस-पंचेचाळीस नग आहेत, बहुतेक गिरेबाज जातीचे, चार जोड्या लक्का जातीच्या.

सूक्ष्मदर्शी साहेब, तुमचं वाचून एक विचारायचं आहे. माझ्याकडे एक जुना नर आहे. दोन महिन्यांपूर्वी जाळीत अडकून त्याच्या वरच्या चोचीचं टोक मोडलं. जास्त नाही, तांदळाच्या कणीएवढं. दाणे व्यवस्थित खातो, पाणी पितो. पण तेव्हापासून पिसं भुरभुरीत झाली, वजन उतरलं. जंताचं औषध झालं, जीवनसत्त्वं झाली. परवा पंख उघडून पाहिला तर उवाच उवा. इतर कबुतरांवर एवढ्या नाहीत. चोच मोडली म्हणून उवा झाल्या असं असतं का? आमचे उस्ताद म्हणायचे, चोच गेली की पक्षी गेला. मला वाटायचं ते खाण्याबद्दल बोलतात.

---

सूक्ष्मदर्शी

गिरेबाज, तुमच्या उस्तादांना दंडवत. त्यांचं बरोबर होतं.

कबुतराच्या वरच्या चोचीचं टोक खालच्या चोचीपेक्षा मिलिमीटर-दोन मिलिमीटर पुढे आलेलं असतं. पूर्वी समज असा की चोचीचा आकार म्हणजे खाण्याची सोय, बाकी काही नाही. क्लेटन यांच्या गटाने २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही कबुतरांचं फक्त तेवढंच पुढे आलेलं टोक तासलं. खाण्यात काडीचा फरक पडला नाही, उवा मात्र वाढल्या. टोक परत वाढू दिलं तेव्हा पुन्हा आटोक्यात आल्या. पिसं साफ करताना खालची चोच त्या टोकावर घासून पुढे सरकते आणि मध्ये आलेली ऊ अडकित्त्यात सुपारी सापडावी तशी चिरडते. टोक नसेल तर अडकित्त्याचं एक पातं गेलं.

तुमच्या नराचा अडकित्ता मोडलाय. पशुवैद्यांना विचारून पक्ष्यांना चालणारी पावडर एकदा लावून घ्या, म्हणजे त्याला उसंत मिळेल. टोक हळूहळू वाढतं.

---

आवाठातली

मी सिंधुदुर्गातली. घरी वीसेक गावठी कोंबड्या. आमच्याकडे हा विषय रोजचा. खुडूक बसलेल्या कोंबडीखाली हात घातला की हातभर चढतात! शेपटीखालच्या पिसांच्या बुडाशी पांढरे गोळे दिसतात, साबुदाणा चिकटल्यासारखे. ती त्यांची अंडी. आई खुराड्यात चुलीची राख पसरते. "कोंबयेक लोळाक जागा होयी, मगे ती आपला आपण बघता," हे तिचं वाक्य.

गेल्या वर्षी एकाकडून पोल्ट्रीतून काढलेल्या सहा कोंबड्या आणल्या. चोची तासलेल्या. त्यांच्यावर इतक्या उवा झाल्या की आम्ही पोल्ट्रीवाल्याच्या नावाने बोटं मोडली. आता वरचं वाचून वाटतंय की कारण वेगळंच असावं.

---

सूक्ष्मदर्शी

कारण तेच. पोल्ट्रीत एकमेकींना टोचू नये म्हणून चोच तासतात, त्या कोंबड्यांवर उवा जास्त होतात हे अभ्यासातही दिसलं आहे. तुमच्या पांढऱ्या गोळ्यांवरून ही मेनाकँथस स्ट्रामिनियस वाटते. कोंबडीच्या उवांमधली सगळ्यात त्रासदायक हीच. मी आधी "चावणाऱ्या उवा रक्त पीत नाहीत" अशा सुरात लिहिलं ते कबुतराच्या उवेपुरतं. ही बाई कोवळ्या पिसाचं बूड कुरतडून रक्तही पिते. कोंबडीवर आणखी जातीही असतात: डोक्यावरची वेगळी, पंखावरची वेगळी, पिसाच्या दांड्यावरची वेगळी. एका कोंबडीवर वाड्या-वस्त्या वसलेल्या असतात म्हणा ना.

आईंच्या राखेबद्दल: कोरडी बारीक पूड किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडते आणि त्याच्या अंगातलं पाणी उडून जातं. पिसांवरच्या उवा पाणी पीत नाहीत, हवेतली वाफच ओढून घेतात. त्यामुळे कोरडेपणा हा त्यांचा मोठा शत्रू. प्रयोगशाळेत कबुतरं उवामुक्त करायची असली तर औषध न मारता खोलीतली हवा कोरडी ठेवूनही करतात.

---

गावकरी_पुणे

म्हणजे कोकणातल्या कोंबड्यांना उवा जास्त आणि सोलापूरच्या कोंबड्यांना कमी?

---

आवाठातली

सोलापूरकरांनी येऊन सांगावं. आमच्याकडे पावसाळ्यात खुराडं म्हणजे वाफेचं स्नान असतं एवढं खरं.

---

संपादक मंडळ

धागा "आरोग्य" मधून "विज्ञान" विभागात हलवला आहे.

---

बिनकामाचा

उवांची बदली झाली. अभिनंदन.

---

भटक्या भिगवणकर

मी मूळ हौशी पक्षीनिरीक्षक. इथे उवा दिसल्या म्हणून थांबलो, कारण रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांच्या नात्यागोत्यात या उवांनी मोठा घोळ घालून ठेवला होता.

दर हिवाळ्यात आम्ही भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित बघायला जातो. ठाणेकरीण, तुमच्या खाडीतही हजारोंनी असतात, एकदा जरूर बघा. आता या पक्ष्याचे नातेवाईक कोण? लांब पाय बघून वाटतं करकोचे, चोचीतली गाळणी आणि पायाचे पडदे बघून वाटतं बदकं. शास्त्रज्ञांचंही बराच काळ ठरत नव्हतं. तेव्हा उवा साक्षीला आल्या. ऊ सहसा आईबापाकडून पिल्लाकडे जाते, म्हणजे वडिलोपार्जित. रोहितावरच्या उवांच्या तीन प्रजाती-समूहांचे भाऊबंद बदकं आणि हंसांवर सापडतात, करकोच्या-बगळ्यांवर नाहीत. झालं! रोहित बदकांचा भाऊ, असा निकाल काहींनी देऊन टाकला.

पुढे डीएनए आला आणि रोहिताचा सख्खा नातेवाईक निघाली टिबुकली! हो, तीच, तळ्यात बुडी मारून भलतीकडेच वर येणारी पिटुकली. आता उवांच्या साक्षीचं काय? केव्हिन जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये उवांचाच डीएनए तपासला. रोहित आणि बदकांच्या त्या उवांची जवळची बहीण निघाली टिबुकलीवरची ऊ. म्हणजे साक्षीदार खोटं बोलत नव्हता, आपण उलटतपासणी नीट केली नव्हती. ऊ रोहितांकडून बदकांकडे गेली असावी. एकाच पाण्यात राहतात, शेजार आहे, एवढं पुरे.

---

ठाणेकरीण

अगं बाई! मी खाजेचं औषध विचारायला आले होते.

---

शंकासुर

भटक्या, शंका आहे. ऊ वडिलोपार्जित असते म्हणता. मग कोकिळेचं काय? ती कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते. पिल्लू आईबापाला कधी शिवतही नाही. मग त्याच्या अंगावर कावळ्याच्या उवा असायला हव्यात.

---

सूक्ष्मदर्शी

शंकासुर, या प्रश्नाला पैकीच्या पैकी.

कोकीळ ज्या कुळातली, त्या कुळातल्या पक्ष्यांवर त्यांच्या स्वतःच्या उवा असतात, पालक (म्हणजे ज्यांच्या घरट्यात वाढतात त्या) पक्ष्यांच्या नाहीत. युरोप आणि जपानमध्ये सापडणाऱ्या साध्या कक्कूवर जपानमध्ये काम झालं. घरट्यातून निघालेल्या पिल्लांवर उवा जवळपास नसतातच, मोठ्या पक्ष्यांवर असतात. म्हणजे पिल्लू कोरं निघतं आणि मोठं झाल्यावर आपल्याच जातीच्या पक्ष्यांच्या, मुख्यतः जोडीदाराच्या, अंगाला अंग लागलं की उवा घेतं. वारसा न मिळता सासरहून आलेली ऊ म्हणा. पालक पक्ष्याच्या उवा त्याच्यावर चढत असतीलही, पण टिकत नाहीत. पिसाची जाडी, खाचेची रुंदी, सगळं माप वेगळं.

---

गिरेबाज

उवा एका पक्ष्यावरून दुसऱ्यावर जायला अंगाला अंग लागावंच लागतं का? माझ्या ढाबळीत वेगळ्या कप्प्यात ठेवलेल्या जोडीवरही झाल्या होत्या. मधे पक्की फळी.

---

सूक्ष्मदर्शी

तुमच्याकडे कबुतराची माशी आहे का? चपटी, चामट, पिसांत खेकड्यासारखी तिरकी पळते, मारायला गेलं तर चिरडत नाही?

---

गिरेबाज

आहे की! डोकं फिरवते ती. चिमटीत दाबली तरी उडून जाते.

---

सूक्ष्मदर्शी

तीच त्यांची एसटी. सूडोलिंकिया. कबुतराचं रक्त पिणारी माशी. लांबुडकी ऊ त्या माशीचे पाय पकडते आणि दुसऱ्या कबुतरावर उतरते. गोल ऊ हे करत नाही, तिला माशीवर धड पकड घेता येत नाही. परिणाम असा की गोल उवा आपापल्या कबुतराशी पिढ्यानपिढ्या निष्ठावंत राहिल्या. कबुतरांच्या जातींचा वंशवृक्ष आणि त्यांच्या गोल उवांचा वंशवृक्ष शेजारी ठेवले तर फांदीला फांदी बरीचशी जुळते. लांबुडक्यांचा जुळत नाही, कारण त्यांनी वाटेत गाड्या बदलल्या.

---

तर्कट

सगळं छान चाललंय, पण मला एक खटकतं. "ऊ खाचेच्या मापाची घडली", "कबुतराला रेघ वाटावी अशी घडली". हे गोष्टी सांगितल्यासारखं वाटतं. आज जे दिसतं त्याला मागून कारण चिकटवणं सोपं असतं. घडताना कुणी पाहिलंय का?

---

सूक्ष्मदर्शी

पाहिलंय. म्हणूनच मला हा विषय आवडतो.

युटाच्या गटाने एकाच ठिकाणच्या उवा घेतल्या आणि पांढऱ्या, काळ्या आणि नेहमीच्या राखाडी कबुतरांवर सोडल्या. चार वर्षं थांबले. या उवेची एक पिढी साधारण २४ दिवसांची, म्हणजे चार वर्षांत ६० पिढ्या. माणसाच्या हिशेबात ६० पिढ्या म्हणजे दीड हजार वर्षं तरी मागे जाता. तेवढ्यात पांढऱ्या कबुतरांवरच्या उवा फिकट झाल्या. आणि तर्कट, तुमच्यासाठी महत्त्वाचं हे: काही कबुतरांना ती पट्टी बसवलेली होती, त्यांना पिसं साफ करता येत नव्हती. त्यांच्यावर हा फरक पडला नाही. रंग बदलला तो चोचीमुळे. पांढऱ्यावर काळी ऊ उठून दिसते, टिपली जाते, फिकट राहते.

दुसरा प्रयोग आकाराचा. साध्या कबुतरावरच्या उवा जायंट रंट या भल्या दांडग्या पाळीव जातीवर सोडल्या. तिथल्या उवांचं अंग पिढ्यांगणिक मोठं झालं. मग मोठ्या आणि लहान उवांची जोडी लावून पाहिली तर मापं जुळेनात, मीलन नीट होईना. नर मादीला खालून मिशांनी धरतो, त्याला माप लागतं. नव्या जाती कशा फुटतात याची पहिली पायरी चार वर्षांत, पिंजऱ्यात. २०१९ मध्ये हे दोन्ही प्रसिद्ध झालं.

आणखी एक पुरावा, मला सगळ्यात आवडणारा. वेगवेगळ्या पक्ष्यांवरच्या उवांचे रंग तपासले तर फिकट पक्ष्यांवर फिकट आणि गडद पक्ष्यांवर गडद उवा दिसतात. पण डोक्यावर राहणाऱ्या उवांना हा नियम लागू नाही. का? पक्ष्याची चोच स्वतःच्या डोक्यावर पोचत नाही!

---

तर्कट

हे डोक्याचं पटलं. चोच पोचत नाही तिथे लपायची गरज नाही. मागे घेतो. (पूर्ण नाही, अर्धं. पिंजऱ्यातलं आणि रानातलं एकच असतं असं नाही.)

---

ठाणेकरीण

मग डोक्यावरच्या उवांचं पक्षी करतात काय?

---

भटक्या भिगवणकर

पायाने खाजवतात. जोडीदाराकडून मान खाजवून घेतात, कबुतरांची जोडी कठड्यावर बसून करते ते. खाजवता येणार नाही अशी कबुतरांच्या पायांची व्यवस्था करून पाहिली तर नेमक्या डोक्यावर-मानेवरच उवा वाढल्या. मुंबईतल्या स्टेशनांवर बोटं झडलेली, दोऱ्याने पाय आवळलेली कबुतरं बघितली की मला हल्ली तेच आठवतं.

---

निसर्गमित्र_७७

उत्तम धागा. थोडक्यात काय, निसर्गात सगळ्यांना स्थान आहे. उवाही पक्ष्याची मेलेली पिसं खाऊन एक प्रकारे स्वच्छताच करत असतील ना?

---

सूक्ष्मदर्शी

नाही. गोड वाटतं, पण नाही. कबुतराची ऊब राखणारी पिसं त्या खातात, मग ऊब टिकवायला पक्ष्याला जास्त खर्च करावा लागतो. उवा वाढू दिलेल्या नरांपेक्षा स्वच्छ नरांना माद्यांनी पसंती दिली हेही प्रयोगात दिसलं आहे. एका दिवसात जीव जात नाही, हळूहळू झिजतो. गिरेबाज यांच्या नरासारखा. परजीवी तो परजीवीच, त्याला भाडेकरू म्हणायचं कारण नाही.

---

गावकरी_पुणे

मग सगळ्यांना पावडर मारून संपवलं तर वाईट काय?

---

सूक्ष्मदर्शी

एकदा केलंय आपण ते. कॅलिफोर्निया कंडोर, तिकडचं प्रचंड गिधाड. १९८७ मध्ये जगात २७ उरले होते. सगळे पकडून पिंजऱ्यात आणले, अंगावरच्या किड्यांचा त्रास नको म्हणून कीटकनाशक लावलं. पक्षी वाचला, आज पुन्हा आकाशात आहे. त्याच्यावरची, फक्त त्याच्याचवरची, ऊ मात्र कायमची गेली. पक्षी वाचवायला केलेल्या कामातच एक जात संपली आणि तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्या उवेने कंडोरला मोठा धोका होता असंही नाही.

मी ऊ वाचवा मोहीम काढत नाही. गिरेबाज यांच्या नराला पावडर लावा असं मीच वर लिहिलंय. पण २७ पक्षी हातात असताना आधी एक नमुना बघून ठेवता आला असता.

---

भटक्या भिगवणकर

आपल्याकडची गिधाडं डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने गेली, ते दिलेली मेलेली जनावरं खाऊन. जनावरांसाठी २००६ मध्ये बंदी आली तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं शेकड्यात एकही उरली नव्हती. त्यांच्यावर लेमोबोथ्रिऑन नावाच्या उवा असतात, सेंटिमीटरभर लांब. उवांच्या जगातले हत्ती. जिथे यजमानच संपतो तिथे पावडरही लागत नाही.

---

शंकासुर

कुणीतरी हसवा आता.

---

सूक्ष्मदर्शी

हे घ्या. अमेरिकेतलं पॅसेंजर पिजन. एके काळी अब्जावधी होती. शेवटची मादी मार्था १ सप्टेंबर १९१४ ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. १९३७ मध्ये संग्रहालयातल्या जुन्या कातड्यांवरच्या एका उवेला नाव दिलं कोलंबिकोला एक्स्टिंक्टस. यजमानाबरोबर नामशेष झाली, म्हणून नावच नामशेष. १९९९ मध्ये कळलं की तीच ऊ पश्चिम अमेरिकेतल्या बँड-टेल्ड पिजनवर मजेत जगतेय. आपलं मृत्युपत्र नावात घेऊन.

त्याच कबुतराची म्हणून आणखी एक गेलेली ऊ होती. ती तर ऑस्ट्रेलियातल्या कबुतराची निघाली, नमुन्यांची गल्लत झाली होती.

---

बिनकामाचा

हसून हसून पुरेवाट. सरकारी दप्तरात मयत आणि पेन्शन चालू!

---

कावळेबुवा_दादर

या सगळ्यात कबुतरखान्यांचं काय? कबुतरांना दाणे घालणं बंद करावं की नाही? उवांमुळे फुप्फुसाचे रोग होतात ना?

---

सूक्ष्मदर्शी

उवांमुळे नाही. फुप्फुसाचा त्रास वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेल्याने होतो. बाकी दाण्यांच्या वादासाठी कृपया नवीन धागा काढा, इथे काश्मीर नको.

---

ठाणेकरीण

अपडेट: फटी सिलिकॉनने बुजवल्या, चौकट तीनदा पुसली, पुरळ उतरला. बाटलीतली ऊ तिसऱ्या दिवशी मेली. लेकीला वाईट वाटलं. तिने पिसावर उवेची जागा पेनाने ठिपका काढून ठेवलीय आणि पीस वहीत चिकटवलंय. सासूबाईंना अजून पटलेलं नाही, त्या रोज तिचे केस बघतात.

गिरेबाज, तुमच्या नराचं काय झालं?

---

गिरेबाज

डॉक्टरांनी दिलेली पावडर लावून आज बारा दिवस झाले. वजन पन्नास ग्रॅम चढलं. चोचीचं टोक नखासारखं वाढतंय, अजून खालच्या चोचीबरोबर यायला थोडं बाकी आहे.

काल रात्री बॅटरी घेऊन पांढऱ्या लक्क्याचे पंख पाहिले. वीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की लक्क्याला उवा होत नाहीत. होत्या. पहिल्या बघण्यात एकही दिसली नाही. पीस आडवं धरून खालून उजेड मारला तेव्हा दोन धाग्यांच्या मधे एक, मग शेजारी आणखी एक. काळ्या गिरेबाजावरच्यापेक्षा फिकट वाटल्या.

---

सूक्ष्मदर्शी

गिरेबाज, तुमच्या ढाबळीत पांढरे-काळे एकत्र असतात, वर माशीची एसटी चालू, तेव्हा रंगाचा निकाल एवढ्यात नको. पण दोन्हींवरच्या दहा-दहा उवा एका पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवून फोटो काढाल का? उजेड एकच ठेवा.

---

गिरेबाज

रविवारी काढतो. पोरगा म्हणतोय, पप्पा, लोक कबुतरांचे फोटो टाकतात.